मिठागराकाठी अळणी गरोदरपण

डॉक्टर म्हणाले, "हे मूल तुमच्या काळजाला झेपणार नाही."

मी म्हटलं, "मग झेपवायला काय करायचं ते सांगा."

एरवी माझी जीभ अशी चालत नसे. कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी मी दाराआड व्हायची. चौथीत असताना सांधे सुजून ताप आला, शाळा सुटली ती सुटलीच. त्याच तापानं काळजातली एक झडप आकसून बसली होती, हे मला पाचव्या महिन्यात अलिबागला कळलं. पोटातल्या जिवामुळे रक्त वाढतं, अरुंद वाटेतून ते पुढे सरकत नाही, मग छातीत तुंबतं, असं डॉक्टरांनी समजावलं. ओझं उचलायचं नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचं, आणि मीठ बंद. घाट चढून माहेरी जायलाही मनाई. माझं माहेर पार सोलापूरकडे.

हे मिठागरावर शिपाई होते. धरमतरच्या खाडीकाठी एका आगरी जोडप्याच्या पडवीत आम्ही भाड्यानं राहायचो. दारातून मिठाच्या राशी दिसायच्या आणि मी अळणी भात गिळायची.

"आगो, मिठाचे गावान अळनी जेवतंस? लक्षुमी रुसल!" घरमालकीण म्हणायची. ती सुकट भाजायला बसली की त्या वासानं मला रडू यायचं. पण बोट लावलं नाही.

तरी पाय सुजतच गेले. पुढच्या वेळी डॉक्टर चिडले.

"मीठ चालू आहे तुमचं."

"नाही हो."

"पायच सांगतायत की!"

एसटीत मी मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होते. घरी येऊन तांब्या तोंडाला लावला, आणि घोट तसाच तोंडात धरून ठेवला. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या विहिरीचा पहिला घोट मी थुंकून टाकला होता. आता तेच पाणी मला गोड लागत होतं. माझा भातही त्याच पाण्यात शिजत होता.

"विहिरीचं पाणी खारट आहे," मी घरमालकिणीला सांगितलं.

"खारा? आमचा पानी? आमची सगली पोरां हाच पानी पिऊन मोठी झाली!"

"त्यांची काळजं धड होती. माझं नाही."

ती फणकारून आत गेली. विहिरीवर बायका हसल्या. "रानीला आता दूदच पाजा!"

घरमालकांनी मात्र कावड खांद्यावर घेतली आणि डोंगराखालच्या झऱ्यावर गेले. मग रोज जाऊ लागले. वाटेत एकानं टोमणा मारलाच, "बाबा, या वयान दुसऱ्याचे बायकोचा पानी भरतंस?"

"भरतंय. तुझी बायको पोटुशी झाली का तिचा पन भरीन."

त्या पाण्याचे उपकार फिटायचे नाहीत. धाप गेली नाही, पण सूज उतरली. आठवा संपल्यावर मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. कळा आल्या तेव्हा जोर करू दिला नाही. पाठीला उशा रचून बसवलं आणि चिमट्यानं मुलगी ओढून काढली. छातीत पाणी भरल्यासारखा श्वास कोंडला होता. ती रडली तेव्हा मला आधी वाटलं, मांजर ओरडतंय. इतका बारीक आवाज होता.

"पुन्हा नाही," डॉक्टर ह्यांना म्हणाले. "पुढच्या वेळी मी कसलाच शब्द देणार नाही."

बारशाला विहिरीवरच्या त्याच बायका आल्या. घुगऱ्या खाताना एक म्हणाली, "आता फुरचे साली पोरगा होव दे."

"आता दुसरं मूल नाही," मी म्हटलं.

"आगो, येके पोरीवर कंचा घर भागतंय?"

ह्यांनी खाली बघितलं. घरमालकीण माझ्यासाठी काही बोलेल असं वाटलं, पण ती घुगऱ्याच वाढत राहिली. मग मीच लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. सांगताना धाप लागली. पण पुरतं सांगितलं.