वहीबाईंच्या चौतीस वह्या

बाई नगरपालिकेत रुजू झाल्या त्या दिवशी त्यांना कुणी धड काही शिकवलंच नाही. सभागृहातलं कोपऱ्यातलं टेबल दाखवून तेव्हाचे अध्यक्ष एवढंच म्हणाले, की काय काय होतं ते सगळं लिहून घ्या. असं सांगितल्यावर मुरलेला कारकून काय करतो? चार ठराव उतरवतो, खाली 'सर्वानुमते मंजूर' लिहितो आणि चहाला निघतो. पण बाई चोवीस वर्षांच्या, नोकरी पहिली, आणि अंगात प्रामाणिकपणा जरा जास्तच. त्यांनी खरोखर सगळं लिहिलं. गटाराच्या विषयावर कोण काय बोललं, कुणाला ठसका लागला, आणि दूधवाले नगरसेवक 'म्हशींची वेळ झाली' म्हणून दोनदा कसे उठले, तेसुद्धा.

पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून दाखवायचं होतं. बाई वाचू लागल्या आणि सभागृहाची हसून हसून मुरकुंडी वळली. बाईंना वाटलं, गेली नोकरी. पण अध्यक्ष मोठे वस्ताद. डोळे पुसत ते म्हणाले की असंच लिहीत चला, आपलं बोलणं महिन्याने कानावर आलं की जिभेला जरा लगाम राहील. झालेली चूक अशी कायमची पद्धत होऊन बसली.

हळूहळू ते वाचन ऐकायला गावातले लोक येऊ लागले. मागची बाकं भरायला लागली. तक्रार असलेला माणूस अर्ज बाजूला ठेवायचा आणि सरळ उभा राहून म्हणायचा, बाई, माझं बोलणं वहीत घ्या. कारण अर्ज गहाळ होतो, वहीतलं बोलणं मात्र पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर परत उभं राहतं. एका कुंभारणीने सलग सात सभा एकाच दिव्याच्या खांबाबद्दल उभं राहून तो लावून घेतला. पत्र्याच्या खोलीतली कचेरी दुमजली झाली, अध्यक्ष आले नि गेले, बाईंची वहीबाई झाली. दर वर्षाची एक वही. सायकली दुरुस्त करणारे त्यांचे यजमान लोकांना सांगत, घरातल्या भांडणांची वही ठेवत नाही हे माझं नशीब, नाहीतर मी एकही जिंकलो नसतो.

बाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना वरून पत्र आलं. ही नगरपालिका शेजारच्या मोठ्या शहरात विलीन का करू नये, याची सुनावणी होती. शहराचं म्हणणं असं, की इथला कारभार नावालाच आहे, लोक कचेरीकडे फिरकत नाहीत, सभा फक्त कागदावर होतात. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. शहरात गेलो की त्या कुंभारणीने कुणापुढे उभं राहायचं?

वह्या पुरावा म्हणून न्यायच्या ठरल्या. एव्हाना दूधवालेच अध्यक्ष झाले होते. ते बाईंच्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. मग हळूच म्हणाले, "बाई, तेविसाव्या वहीतलं एक पान काढून टाकता का?"

कोणतं पान, हे बाईंना विचारावं लागलं नाही. नाला बुजवायचा की नाही यावर मतदान होतं. दूधवाल्यांना डुलकी लागली होती. 'बाजूने कोण' म्हटल्यावर शेजाऱ्याने कोपराने ढोसलं, यांनी हात वर केला. 'विरोधात कोण' म्हटल्यावर पुन्हा ढोसलं, पुन्हा हात वर. दोन्हीकडे मतं सारखी पडली आणि नाला सहा महिने तसाच लोंबकळला.

"साहेब, एक पान फाटलं की बाकीच्या वह्यांवर कोण विश्वास ठेवणार?" बाई म्हणाल्या.

अध्यक्षांचा चेहरा पडला. बाईंनाही वाईट वाटलं, पण पान जागेवरच राहिलं.

सुनावणीच्या दिवशी चौतीस वह्या दोन पोत्यांतून जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. शहराच्या वकिलांनी त्या चाळल्या आणि हसत म्हटलं, की हे सगळं महिन्याभरात बसून लिहून काढलेलं असणार. पानांखालच्या सह्या काय, आज घेऊन मागच्या तारखा घालता येतात. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम मात्र एकेक वही उघडून वाचत राहिल्या. कुंभारणीच्या खांबाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग तेविसावी वही आली आणि मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला.

"हे दूधवाले कोण?" त्यांनी विचारलं.

अध्यक्ष उभे राहिले. गावातली साठ-सत्तर माणसं मागे बसली होती, समोर वकील होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मीच, मॅडम. झोपलो होतो. जे लिहिलंय ते खरं आहे."

सगळी कचेरी हसली आणि अध्यक्षही हसले. मॅडमनी वकिलांकडे बघून विचारलं, की खोट्या वह्या करायला बसलेला माणूस स्वतःच्या अध्यक्षाबद्दल असं लिहील का? वकिलांनी आपले कागद आवरायला घेतले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नगरपालिका राहिली. पुढच्या सभेला बाकं कमी पडली, लोक खिडक्यांत उभे राहिले, आणि कुंभारण सगळ्यांत पुढे येऊन बसली. अध्यक्षांनी पहिलाच ठराव मांडला, की यापुढे या नगरपालिकेचं इतिवृत्त वहीबाई लिहितात तसंच लिहावं, आणि बाईंनी जाण्याआधी नव्या कारकुनाला ते शिकवावं. सगळे हात एकदम वर गेले. बाईंचे डोळे भरून आले. समोरचं पान धूसर दिसत होतं, तरी हात थांबला नाही. त्यांनी लिहिलं:

ठराव सर्वानुमते मंजूर. अध्यक्ष जागे होते.