पहिला टोला कुणाचा

आमच्या गावात गोल्फ खेळतात म्हणलं की शहरातली पाव्हणी आधी हसतात, मग माझ्या इरकल लुगड्याकडं बघतात आणि पुन्हा हसतात. हसा बापा. आज आमच्या मंडळाला अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत, सल्लागार तर इतके की सल्ला घेणारं कुणी उरलंच नाही. दांडे मात्र पदाधिकाऱ्यांपेक्षा कमी. आणि एवढ्या मोठ्या मंडळाचं भांडण पेटलं ते एकाच गोष्टीवरून. येळवसच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी आमची वर्षाची मॅच असते. तिचा पहिला टोला कुणी मारायचा? मागच्या येळवसला ते भांडण मिटलं. कसं मिटलं ते सांगते, पण आधी हे खूळ गावात आलं कसं ते ऐका.

खूळ आणलं माझ्या धाकट्या दिरानं. भावजींनी उभी हयात हैदराबादेत एका गोल्फच्या मैदानावर माळीकाम केलं. रिटायर होऊन आले ते एक ट्रंक, एक गुडघेदुखी आणि साहेब लोकांनी टाकून दिलेल्या दांड्यांचं गाठोडं घेऊन. खजुरी गावच्या वाटेला आमचा लाल मुरमाचा माळ आहे. तिथं गवत उगवत नाही, आणि चुकून उगवलंच तर शेळ्या ठेवत नाहीत. भावजी रोज सकाळी तिथं जाऊन एकटेच चेंडू मारायचे. गावाला वाटलं, माणूस हैदराबादेत बिघडला. आमचे मालक म्हणाले, "समोर बैल न्हाई, म्हैस न्हाई, मग काठी कुणावर उगारायलाय ह्यो?"

पण लहानपणी चिन्नी-दांडू, म्हणजे तुमचा विटी-दांडू, खेळला नाही असा माणूस आमच्याकडं औषधालाही सापडायचा नाही. बघता बघता चार म्हातारी जमली. चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याला चिन्नी-दांडूतल्यासारखंच गल म्हणू लागली. गलात डालड्याचे जुने डबे पुरले. असे पाच गल झाले. साहेब लोकांकडं अठरा असतात म्हणे, पण साहेबांना रानात पाणी द्यायला जायचं नसतं.

अडचण आली ती गलाभोवतीच्या जागेची. तिथं गालिच्यासारखं गवत पाहिजे, म्हणजे चेंडू सरळ घरंगळतो. आमच्या मुरमावर चेंडू लग्नातल्या दारू प्यालेल्या मामासारखा चालायचा, इकडून तिकडं, आणि शेवटी भलत्याच्याच पायात. भावजी एकदा माझ्या चुलीपुढं कपाळाला हात लावून बसले.

मी म्हणलं, "खळं करा की."

पूर्वी ज्वारी मळायला रानात जमीन ठोकून, शेणानं सारवून गुळगुळीत करायचे, ते खळं. आता मशीन येतं, रस्त्यावरच मळणी करून जातं, खळं कुणाला लागत नाही. सारवायचे हात मात्र अजून आमच्याकडं होते. आम्ही पाच-सहा बायका गेलो, पाची गलांभोवती गोल खळी सारवून दिली. चेंडू असा घरंगळला की भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेणाच्या वासानं असेल म्हणा.

आता खळं म्हणलं की चपला बाहेर. दाणा नसला म्हणून काय झालं, खळं ते खळंच. तेव्हापासून आमच्यात सगळे खळ्याशी आले की पायताण काढतात. भावजींच्या ओळखीचा एक साहेब गाडी घेऊन मुद्दाम बघायला आला, खिळ्यांचे महागाचे बूट घालून. त्यालाही काढायला लावले. दोन्ही मोज्यांतून अंगठे बाहेर आलेले. तेव्हापासून मला साहेब लोकांचं भ्या वाटत नाही.

असे दोन-एक महिने गेले. आम्ही सारवायचं, बाप्यांनी खेळायचं. मग बाई बोलली. बाई म्हणजे माझी मैत्रीण, बौद्ध आळीतली. अंगणवाडी चालवून रिटायर झालेली, म्हणून सगळं गाव तिला बाईच म्हणतं. अर्ध्या गावाची नाकं तिनं पुसलीत, त्यामुळं ती कुणापुढं दबत नाही. भरलेली पाटी खाली ठेवून भावजींना म्हणाली, "सारवायचं आम्ही आन् तुडवायचं तुम्ही, हे घरी चालूच हाय की. त्याच्यासाठी इथवर कामून यायचं?"

दुसऱ्या दिवशी पाची खळी कोरडी. तिसऱ्या दिवशी भेगा. मग आम्हाला दांडे मिळाले. वाकडे का होईना, मिळाले.

त्यानंतर मंडळ वाढलं ते भोपळ्याच्या वेलासारखं. शेजारच्या कोहिनूर गावाहून दोघं-तिघं यायला लागले. कडगंचीच्या विद्यापीठात शिकणारी पोरं-पोरी मोटारसायकलीवर तिघं-तिघं बसून आली. ग्रुप झाला, त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं. फ्लेक्स झाला, त्यात पदाधिकाऱ्यांचे फोटो चेंडूएवढे आणि चेंडू मोहरीएवढा. नियम झाले. चेंडूवर म्हैस बसली तर ती उठेपर्यंत चहा घ्यायचा, तिला उठवायचं नाही, कारण उठवलेली म्हैस पुन्हा तिथंच बसते. अशी आमची घटना.

भावजींनी हैदराबादेहून आणलेला एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता: मागच्या वेळी जो जिंकला, पहिला टोला त्याचा. पण पहिल्या मॅचला मागचं कुणी जिंकलेलंच नव्हतं. तेव्हा गावचे पाटील, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, त्यांना पहिला टोला दिला. माळाचा एक तुकडा त्यांचा, वयानं थोर, पटका बांधून आलेले. दिला तर दिला. दुसऱ्या वर्षी ते आपणहून पुढं झाले. आणि आमच्या गावात एकदा झालं तर ती चूक, दुसऱ्यांदा झालं की रीत, तिसऱ्यांदा झालं की मान. कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, अप्पांचे बैल पुढं, तसा गोल्फला अप्पांचा टोला पुढं. वर आणखी, मानाचा टोला मोजायचा नाही. चुकला तर पुन्हा मारायचा, लागेपर्यंत मारायचा. एवढं करून अप्पा कधी जिंकले नाहीत, ही त्यांची मोठी कामगिरी.

मग आदल्या साली मॅच जिंकली बाईनं. निर्विवाद जिंकली, मला हरवून, म्हणून मला पक्कं माहीत आहे. आणि तिनं सांगून टाकलं, येत्या येळवसला पहिला टोला माझा.

पंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. एक उपाध्यक्ष म्हणाले, बाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

"शाली हैत मला," बाई म्हणाली. "रिटायर झाले तवा गावानं दोन दिल्या. दोन्हीनं अंग खाजतंय. मला टोला पाहिजे."

अप्पा म्हणाले, "आमच्या आज्यापासून मान हाय."

भावजी म्हणाले, "अप्पा, आज्याच्या टायमाला चेंडू कुठं व्हता?"

"चेंडू नसंल. मान व्हता."

 बैठक चहा पिऊन उठली.

घरी येताना बाई भराभर पुढं चालत होती. मी म्हणलं, "जाऊ दे की गं. एक टोला त्यो. दुसरा मार, काय फरक पडायलाय?"

ती चालता चालता थांबली. "अक्का, माझा बाप अप्पांच्या बैलापुढं हलगी वाजवायचा. दीक्षा घेतली आन् हलगी खुंटीला टांगली. तवा समद्या गावानं त्याला हेच म्हणलं. काय फरक पडतोय." मग पुन्हा चालायला लागली. मी आपली मागं.

येळवस झाली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर, उरलेली भाज्यांची भज्जी आणि ज्वारीचे उंडे घेऊन. ही भज्जी शिळी झाल्यावरच खरी लागते. अप्पा पांढराशुभ्र पटका बांधून पुढं आले. बाई आधीच तिथं, पदर खोचून, दांडा घेऊन उभी. माणसं खायची थांबली. मला वाटलं, आता हिनं वाट अडवली की झालं, दोन आळ्यांची भांडी वाजणार.

बाई बाजूला सरली. "मारा अप्पा," म्हणाली. "फकस्त अवंदा मोजायचं."

"मानाचा टोला मोजत न्हाईत," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले.

"कामून?"

अध्यक्षांनी सल्लागारांकडं बघितलं. सल्लागारांनी म्हशीकडं. तेव्हा मागून पाटलीणबाई बोलल्या. ह्या अप्पांच्या मालकीण, आमच्याबरोबर शेणात हात घालणाऱ्या. म्हणाल्या, "मोजा की. व्हय, आम्हालाबी कळू दे."

अप्पांना आता मागं फिरता येईना. त्यांनी दांडा उचलला आणि हाणला. चेंडू जागच्या जागी.

"एक," भावजी म्हणाले. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला.

अप्पांनी पुन्हा हाणला. आता मुरूम उडाला, लाल धुरळा पटक्यावर बसला, चेंडू तसाच.

"दोन."

कुणीतरी पोर फिसकन हसलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडात उंडा कोंबला. अप्पा दांड्यावर रेलून उभे राहिले. चेंडूकडं बघितलं, गावाकडं बघितलं, बाईकडं नाही बघितलं. मग एकदम ओरडले, "नारळ कुठाय? कामाला सुरुवात करायच्या आधी नारळ फोडायची अक्कल न्हाई का तुम्हाला? म्हणून लागंना!"

नारळ कुणी आणलाच नव्हता. एकजण मोटारसायकलवरून गावात पळाला, घेऊन आला. अप्पांनी तो दगडावर असा फोडला की पाणी अध्यक्षांच्या सदऱ्यावर. म्हणाले, "मान म्हंजे नारळाचा. टोला काय, कुणीबी मारतंय."

"कुणीबी न्हाई अप्पा," बाई म्हणाली. "मागल्या साली जिंकलेलं माणूस."

अप्पांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "तेच म्हणलो मी," म्हणाले, आणि सरले.

बाई पुढं झाली. इतकी वर्षं मी तिचा खेळ बघतेय, तिच्यासारखा सरळ चेंडू कुणाचा जात नाही. दांडा वर गेला, खाली आला, आणि चेंडू निघाला तो तिरपा, गलाच्या पार उलट्या अंगाला, शेजारच्या तुरीत घुसला.

कुणी हसलं नाही. भावजी मायेचा माणूस. ते हळूच म्हणाले, "बाई, वारं व्हतं. परत मारा."

"वारं न्हवतं. एक लिहा," बाई म्हणाली.

अप्पा तेवढ्यात सावरले होते. "मग माझं आता पहिल्यापासून धरा."

"तुमचे दोन झालेत," पाटलीणबाई म्हणाल्या. "तिसरा मारा गुमान."

आम्ही दोघी चेंडू शोधायला तुरीत शिरलो. तूर डोक्याएवढी, शेंगा वाळत आलेल्या, अंगाला लागून खुळखुळायलेल्या. माळावरून "तीन" ऐकू आलं, मग टाळ्या, म्हणजे अप्पांचा एकदाचा लागला असावा. बाई खाली वाकलीच नाही. एका झाडाशी उभी राहून एक हिरवी शेंग तोडून सोलत होती, दाणे मला देत होती. मधूनच उजवा हात झटकत होती.

मी म्हणलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई. लई जोरात मारलं," ती म्हणाली. "मुंग्या आल्यात हाताला."

तिकडून भावजी हाका मारायला लागले, चेंडू सापडला का म्हणून. तो माझ्या पायाशीच होता. मी म्हणलं, "शोधायलाव, शोधायलाव," आणि बाईनं दुसरी शेंग तोडली.