इंदूवहिनींनी जोडलेली बोट

वहिनी गेल्या तेव्हा मी पेठ वडगावला लेकीकडे होतो. सकाळचा चहा झाला होता, पेपर हातात होता, आणि पुतण्याचा, संदीपचा फोन आला. "काका, आई गेली..." एवढंच म्हणाला. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एसटीत बसलो तरी डोळ्यांतून पाणी आलं नाही. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली, खाली नदी दिसली आणि मग मात्र मला आवरेना. शेजारच्या पावण्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्याला आता सहा आठवडे झाले.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर चंदगडकडचं. दादांचं उद्यमनगरात ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. दादा अचानक गेले तेव्हा वहिनी चाळिशीच्या होत्या, संदीप शाळेत. घरातली मोठी माणसं म्हणाली, दुकान विकून टाका. त्यांत मीही होतो. मी मास्तर माणूस. बाईनं ग्रीसमध्ये हात घालून बसायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. महिन्याभरात वहिनींनी साडीवर दादांचा खाकी शर्ट चढवला आणि शटर वर केलं. सुटे भाग धुऊन द्यायचं काम त्या लग्नापासून करतच होत्या. राहिलेलं दादांच्या जुन्या मिस्त्रीकडून शिकल्या. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठं हायत?" वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "मीच हाय. बोला पावणं." मी दिलेला सल्ला त्यांनी मला कधी ऐकवला नाही. तो माझा मलाच टोचत राहिला.

निवृत्तीनंतर मी नदीकाठच्या आमच्या गावात राहायला गेलो. तिथं एका महापुरात गावाला चारी बाजूंनी पाण्यानं वेढलं. शेजारच्या मारुतीची आई दम्याची पेशंट. तिला घेऊन आम्ही स्लॅबवर बोटीची वाट बघत बसलो होतो. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. म्हातारी सकाळीच गेली होती... पाणी उतरल्यावर गावानं ठरवलं, आपली स्वतःची बोट पाहिजे. नव्या मोटारबोटीची रंगीत पत्रकं मी मागवली आणि मोठ्या हौसेनं वहिनींना दाखवायला दुकानात घेऊन गेलो.

त्यांनी ती नीट वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ही पुरात बंद पडली तर कोण दुरुस्त करणार?"

"कंपनीचा माणूस येईल की."

"पुरात? तो कशातनं येणार, भावजी?"

राधानगरीच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर कुणी एकानं सहलीच्या बोटी चालवून बंद केल्या होत्या, त्यांतली एक वहिनींना ठाऊक होती. तिथली इंजिनं त्यांच्याकडंच दुरुस्तीला यायची. आम्ही बघायला गेलो, तर बारा-तेरा फुटांची फायबरची बोट करवंदीच्या जाळीत पालथी पडलेली. तळाला हातभर चीर. मागं इंजिन बसवायची फळी बोटानं दाबली तर ओल्या पावासारखी आत गेली. मी म्हटलं, "वहिनी, हे भंगार आहे." त्या म्हणाल्या, "असू दे की. आपण उघडून जोडलेली असली म्हणजे ती कुठं रुसती ते आपल्याला कळंल."

तो सगळा हिवाळा आम्ही त्या बोटीत घालवला. मारुतीनं चिरेवर काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांचे थर चढवले, फळी नवी बसवली. बोटीचं जुनं इंजिन मात्र वहिनींनी माझ्या पुढ्यात ठेवलं. कार्बोरेटर मी तीनदा खोलला आणि तीनदा चुकीचा जोडला. चौथ्यांदा मी पाना खाली टाकला. म्हटलं, "मला जमणार नाही. तुम्ही दहा मिनिटांत कराल, मी नुसता बघतो." वहिनी म्हणाल्या, "बघून काय येणार? तुमच्या वर्गात पोरांना नुसतं बघत बसवत होता काय?" मी पाना उचलला.

पाण्याच्या पिंपात इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा उद्यमनगरातली चार दुकानं बघायला जमली. नदीवर चाचणीला निघालो, तर वहिनी पाण्यावर तरंगायचं जाकीट घालून आधीच बोटीत बसलेल्या. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी काठ धरलेला. तेव्हा मला कळलं, त्यांना पोहता येत नव्हतं. आयुष्यात कधी होडीत बसल्या नव्हत्या. मी म्हटलं, "उतरा, आम्ही जाऊन येतो." त्या म्हणाल्या, "मी जोडली आणि मीच काठावर उभी ऱ्हायची? चला."

पुढं पुन्हा पाणी चढलं. मारुतीच्या सुनेला आठवा महिना, आणि सकाळपासून पोटात दुखत होतं. तिला घेऊन मी आणि मारुती निघालो. उसाच्या फडावरून जाताना बोटीखालच्या पंख्यात पाचट गुंतलं आणि खाड्कन आवाज आला. इंजिनचा आवाज चालू, पण बोट पुढं जाईना. धार आम्हाला आडवी ओढायला लागली. मारुतीनं एका आंब्याची फांदी धरून दोर बांधला. पोरगी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मारुती माझ्याकडं बघत होता, आणि मला एकाएकी काहीच आठवेना... मग हातांना आठवलं. पंखा अडकला की इंजिन वाचावं म्हणून आधी एक बारीक पिन तुटते. इंजिन बंद केलं, मागून वर उचललं, पाचट कापलं, पिन बदलली. दोर सोडला.

रस्त्याला लागलो तिथं दवाखान्याची गाडी उभी होती, आणि गाडीशेजारी, निघताना मी फोन केला होता म्हणून आलेल्या वहिनी. पोरगी गाडीत चढली तेव्हा मी बोटीच्या काठावर टेकलो. "वहिनी, मधेच पिन तुटली होती."

"मग?"

"बदलली."

"मग झालं की," त्या म्हणाल्या, आणि थर्मासातला चहा माझ्या हातात दिला. महिन्याभरानं मारुतीला नात झाली.

एवढं सगळं होऊन मी त्यांना कधी "तुमचे उपकार आहेत" असं म्हटलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. म्हटलं असतं तर त्यांनी हातात कानस देऊन काहीतरी घासायला बसवलं असतं. साठी उलटलेल्या मास्तराला त्यांनी नवीन काही शिकण्याच्या लायकीचा समजलं, हे देणं मी लिहूनच फेडू पाहतोय.

गेल्या आठवड्यात आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. बायको म्हणाली, नवा आणू. मी जमिनीवर पेपर पसरला आणि स्टीलचं ताट मागितलं. काढलेला प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमानं ताटात कडेकडेनं मांडायचा, ही वहिनींची सवय. शेवटचा निघालेला पहिला बसवायचा. मिक्सर अजून चालू झालेला नाही. ताट खिडकीत आहे. बायको रोज तिथली धूळ पुसते, तेव्हा ताट दोन्ही हातांनी अलगद उचलते, आणि एकही स्क्रू हलू न देता पुन्हा जागेवर ठेवते.