राखेने घासलेला बर्नर
आज कपाट आवरताना शेगडीची जुनी पिन हाताला लागली आणि गॅसचा तो उग्र वास पुन्हा आठवला. बाळांनो, ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या कॉलनीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून घासायचं ते सगळं राखेने, असा नियम मी घरात केला होता. समोरच्या शेतात नव्या इमारती उठत होत्या, त्यांची धूळ नको म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्याही बंदच असायच्या. त्या सकाळी वास आला म्हणून मी आत गेले, तर दौलताबादहून स्वयंपाकाला येणाऱ्या बाई शेगडीपुढे उभ्या होत्या. बटण पूर्ण फिरवलेलं, बर्नर थंड. "कधीपासून चालू आहे हे?" मी विचारलं. "लई येळ झाला, बाई. लायटरनं धरंना. म्हटलं चुलीवानी आधी धुपंल, मग पेटंल. आता काडीच लावते." काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. "लावू नका!" मी ओरडले, बटण बंद केलं आणि त्यांना हाताला धरून अंगणात ओढलं. "येवढं काय भ्यायचं? जन्म गेला माझा चुलीपुढं," त्या हसून म्हणाल्या. दारं-खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावर मी बर्नर काढला आणि या पिनने त्याची भोकं कोरली, तर कागदावर करड्या भुकटीचा ढीग पडला. "राख? बर्नर राखेने कुणी घासायला सांगितला?" "तुमीच की, बाई. समदंच राखेनं म्हणालात ना?" मी भुकटीचा कागद गुंडाळला आणि बर्नर कोरड्या फडक्याने पुसला. बाळांनो, तुमची शेगडी आता बटण दाबताच पेटते. तरी मी फोनवर आधी खिडकी उघडी आहे का विचारते, तेव्हा हसू नका. काडी त्यांच्या हातात होती, पण नियम माझा होता.