डिक्लेअर सर

डिक्लेअर सर कुणालाही 'येतो' म्हणत नसत. 'पाहतो' म्हणत, आणि ठरल्या वेळेआधी दारात हजर होत. असं का, म्हणून माझ्या आईनं एकदा विचारलं, तर त्यांनी तिला चुलीपाशीच प्रॉमिस या शब्दाची फोड करून सांगितली. प्रो म्हणजे पुढं आणि मित्तेरे म्हणजे पाठवणं, दोन्ही लॅटिन. "वहिनी, शब्द पुढं धाडला का मागून आपल्याले जावंच लागते. अन् रस्त्यात सायकल पंक्चर झाली तं?" आई म्हणाली, "तुमच्या प्रॉमिसपरीस आमचं 'येतो' बरं, सर. चहा घ्या."

सर लाखनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत आणि आमच्याच गावात राहत. नागपूरला शिकताना एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी त्यांना थोडं लॅटिन शिकवलं होतं. तेव्हापासून मूळ दाखवल्याशिवाय त्यांना शब्द शिकवताच येत नसे. डिक्लेअरचा धडा तर दर वर्षी व्हायचा, आणि तेच नाव त्यांना चिकटलं. क्लारुस म्हणजे स्वच्छ. "बोडीतलं पाणी निवळलं का तळ दिसते ना, तसा मनाचा तळ लोकायले दाखवनं म्हनजे डिक्लेअर." मागच्या बाकावरून एकानं विचारलं की हे लॅटिन बोलतं तरी कोण. सर म्हणाले, "आता कोनीच नाही. म्हनून तं त्यात कोनी खोटं बोलत नाही."

मी तेव्हाही यादी करणारी मुलगी. सरांच्या शब्दांचे मी दोन रकाने केले होते, परीक्षेत येणारे आणि न येणारे. दुसरा रकाना भराभर वाढायचा. त्यातच स्पोन्देरे होता, म्हणजे गंभीरपणे वचन देणं. स्पाउज आणि रिस्पॉन्स ही दोन्ही त्याच घरची लेकरं. एकानं वचन दिलं आणि दुसऱ्यानं ते परत दिलं, तेव्हा तो रिस्पॉन्स. हे सांगताना सर हसत नसत.

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. धान घरात आलं की साक्षगंधं सुरू होत, आणि गावातल्या प्रत्येक साक्षगंधाला सर लागत. दोन्ही घरची माणसं मांडवात बसली की सर उभे राहून अमक्याची मुलगी अमक्याच्या मुलाला दिली असं खणखणीत आवाजात सांगत. त्यानंतरच टिळा लागे आणि साखर वाटली जाई. सर बोलले म्हणजे सोयरीक पक्की. त्यांच्या आवाजाला तेवढा मान होता.

माझं साक्षगंध मॅट्रिकनंतर ठरलं. मुलगा करडी गावचा, घरची शेती चांगली. त्याच आठवड्यात भंडाऱ्याला डी.एड.साठी माझी निवड झाल्याचं कळलं होतं. महिन्याभरात हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाणार होती. बाबांचं म्हणणं, ते आता सासरचे ठरवतील. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले.

सर उभे राहिले, पण त्यांनी नावं घेतली नाहीत. मग बाबांकडे वळून म्हणाले, "मुलीले इचारलं का?" बाबा हसले. "समोर बसून तं आहे, सर. आता काय इचाराचं?" मुलाचा काका म्हणाला, आम्ही पाहायला आलो तेव्हा सगळं विचारलं, स्वयंपाक येतो, शिवण येतं. "मास्तर, तुमी तेवढं नाव घ्या. जेवन थंडं होऊन राहिलं."

"मी सांगतो ते लोकं खरं मानतात," सर म्हणाले. "मलेच मालूम नाही ते मी कसं सांगू? बोल, बाई."

मी म्हणाले, "मले आधी डी.एड. कराचं आहे. लग्न मंग."

करडीची माणसं न जेवता उठली. बाबांनी त्या दिवशी सरांना बसाही म्हटलं नाही. चार दिवसांनी मात्र माझी पेटी एसटीच्या टपावर त्यांनीच चढवली. भंडाऱ्यापर्यंत सोडायलाही तेच आले.

खरी किंमत सरांनी मोजली. गावानं त्यांना साक्षगंधाला बोलावणं बंद केलं. हा माणूस सोयरीक मोडतो, असं बायका पाणवठ्यावर बोलत. मी सुट्टीत आले की सांजेला सर ओट्यावर बसलेले दिसत. कुणाच्या तरी मांडवातून दुसऱ्याच कुणाचा आवाज येत असे. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी विचारलं, "हजेरी चांगली आहे ना?"

मी शिक्षिका झाले, आणि काही वर्षांनी पुन्हा साक्षगंध ठरलं. या वेळी बाबा स्वतः सरांना आणायला गेले. तोवर सरांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. दोघांनी धरून त्यांना मांडवात खुर्चीवर बसवलं. जाहीर कोण करणार, अशी कुजबुज झाली. बाबा उठले. भरसभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. टोपी काढली, परत घातली.

मग नावं घेण्याआधी ते माझ्याकडे वळले. "बाई, तुले मंजूर आहे का?"

मी हो म्हटलं. तेच त्यांनी मुलालाही विचारलं. त्याचं उत्तर सगळ्यांना ऐकू गेल्यावरच त्यांनी दोन्ही घरांची नावं घेतली.

ते सरांचं शेवटचं साक्षगंध. साखरेचं ताट बाबांनी आधी त्यांच्यापुढे नेलं. सरांनी डावा हात उचलला, पण साखर घेतली नाही. तो हात त्यांनी बाबांच्या मनगटावर ठेवला, आणि बराच वेळ तसाच राहू दिला.