पाणी न लावलेले लाडू

मी पळसाच्या पानावर लाडू ठेवला, पान सेठच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि मागे सरलो. सेठनं लाडूला हात लावला नाही. छडीच्या टोकानं पान खाली लोटलं. ओट्याखाली कुत्रा झोपला होता. त्याला चुचकारून उठवलं.

“पहले इसको खाने दे,” सेठ म्हणाला. “अगले बाजार तक जिंदा रहा तो देखेंगे.”

दुकानातले नोकर हसले. माझी बायको माझ्यामागे टोपली घेऊन उभी होती. कुत्र्यानं लाडू हुंगला आणि तोंड फिरवलं. आणि मी, सांगायला लाज वाटते, मनातल्या मनात त्या कुत्र्याला विनवत होतो. खा रे बाबा. खा.

त्यानं खाल्ला. मला आनंद झाला. तो आनंद आजही माझ्या अंगावर चिकटलेला आहे.

आम्ही गोंदियाजवळच्या मुर्रीचे महार. मी घरी विड्या वळायचो आणि कारखान्यात नेऊन द्यायचो. कारखानदाराची लहर असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा बसून राहायचं. बायको मोहफुलांचे लाडू फार सुरेख करायची. आमच्या मोहल्ल्यात लग्न असो, बारसं असो, तिच्याकडेच सांगणं यायचं. म्हटलं, गोंदियाच्या बाजारात नेऊन पाहू. चाललं तर विड्यांवर पोट राहणार नाही.

पण बाजाराची रीत होती. खाण्याची नवी वस्तू आणणारानं आधी वानगी द्यायची. गिऱ्हाईक चाखणार, मगच भाव विचारणार. आमच्या हातून वानगी कोण घेणार? म्हणून मी सेठकडे गेलो. त्यानं बरा म्हटलेला माल बाजार डोळे मिटून घ्यायचा.

जाण्याआधी मी पुष्कळ विचार केला होता. विटाळ पाण्याचा असतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग पाणीच लावायचं नाही! मोहफुलं उन्हात वाळवलेली, निवडून कोरडीच भाजलेली. तीळ भाजलेले. गूळ आणि तीळ तर सेठच्याच दुकानातले. सगळं उखळात कुटायचं आणि वळायचं. पाण्याचा थेंब नाही. वकिलासारखा मी तो मुद्दा घोकून ठेवला होता.

बायकोला तो कधीच पटला नाही. “पान्याची गोस्ट नाई जी ते,” ती म्हणायची. “तुमी कोनाले समजावून राहिले?”

मला वाटायचं, हिला कळत नाही.

पुढच्या बाजारी कुत्रा शेपटी हलवत ओट्यावर बसला होता. “देख, मोटा हो गया!” सेठ हसला. मी माझा मुद्दा मांडला. त्यानं मान हलवली. एवढ्या लवकर मान हलवली की मला संशय आला. यात याचं काय आहे?

ते लगेच कळलं. “माल पिछवाड़े से लाना. बेचेगा मेरा आदमी. औरत को मत लाना. मैं बोल दूँगा, बामणीन के हाथ का है.”

मी हो म्हणालो.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की सेठ माल घेणार आहे, आणि तू बाजारात यायचं नाहीस. तिनं माझ्याकडे पाहिलं. “आन मी काऊन नाई यायचं?” मी म्हणालो, ऊन फार असतं.

लाडू खपले. मी दूर मिठाच्या पोत्यांआड उभा राहून पाहत होतो. कुणी माझ्याकडे नजर टाकली की मनात यायचं, याला कळलं काय? तो का वळून पाहतो? स्वतःच्याच घरचा माल विकला जात होता आणि मी चोरासारखा उभा होतो. एक शेतकऱ्याघरची बाई लाडू खाऊन सोबतिणीला म्हणाली, “बामनाच्या हातची चव येगळीच असते, बाई! आपल्याले नाई जमत.”

माझ्या शेजारी कुणीतरी फस्सकन हसलं. वळून पाहिलं तर माझी बायको. मला न सांगता आली होती. हसता हसता तिचे डोळे भरले. “म्हंजे मी बामनीन झाली काय जी? मंग आता घरी सोवळं नेसू?”

मी म्हणालो, “हळू बोल.”

ती वळली आणि सरळ घरी निघून गेली. घरी लाडू वळताना तिचं गाणं असायचं, ते बंद झालं.

त्यानंतर एकदा मी टोपली घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी गेलो. सेठ पायरीवर बसून विडी ओढत होता. विडीवरचा दोरा, मुडपलेलं तोंड, सगळं ओळखीचं. आमच्याच कारखान्याची. ती मी वळलेली असेल, नाहीतर आमच्या मोहल्ल्यातल्या कुणी. तेंदूची पानं आम्ही आमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवतो. ओल्या फडक्यात ठेवतो. मांडीवर सूप घेऊन वळतो, बोटांनी तोंड मुडपतो. ते पान, ते पाणी, ती बोटं त्याच्या ओठांत होती. तो डोळे मिटून झुरके घेत होता.

रोज वळत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“सेठ, ही विडी कुत्र्याला दिली होती काय आधी?”

त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला. “बीड़ी की बात अलग है. ज्यादा अकल मत चला.”

मी टोपली उचलली.

“कहाँ बेचेगा? तेरे हाथ का खाएगा कौन?”

“नाही खाल्लं तर नाही,” मी म्हणालो. “पण बामणीन म्हणून मी तिला विकणार नाही.”

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, ऊन फार असतं म्हणालो होतो तेही. तिनं ऐकून घेतलं. “बाजाराच्या दिवशी मी टोपलीजवळ बसीन,” एवढंच म्हणाली.

बुरूड जिथे टोपल्या विकत, त्याच्याही पलीकडे आम्ही बसलो. मी उभा राहून मोठ्यानं सांगितलं, “मोहाचे लाडू! मुर्रीच्या महारणीच्या हातचे!” लोक थांबले, हसले, पुढे गेले. आमच्याच माणसांनी थोडे घेतले. त्यातला एक म्हणाला, “चांगलं चालून राहिलं होतं, कायले मोडलं?” मला वाटलं, याला सेठनं पाठवलं काय? त्या दिवसांत मला सगळ्यांचाच संशय यायचा. पुढल्या बाजारीही तसंच झालं. उरलेले लाडू आम्हीच खाल्ले. विड्यांचं कामही कमी मिळू लागलं. का ते कुणी सांगितलं नाही.

मग एका दुपारी आमच्या परड्याच्या कुंपणापाशी एक बाई येऊन उभी राहिली. तोंडावर पदर. पण मी तिला ओळखलं. बामणाच्या हातची चव वाखाणणारी तीच.

“बाई, माह्या पोरीले दिवस हायेत,” ती बायकोला म्हणाली. “तिले तुमचाच लाडू पायजे म्हनते, सेठच्या दुकानात भेटत होता तो. कुंपनावरून टाका. कोनाले नाई सांगत मी.”

बायकोचा हात लाडवाच्या गाडग्याकडे गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात तांदूळ संपत आले होते. समोर गिऱ्हाईक होतं. आणि पोटुशी पोर कुणाचीही असो, तिला नाही म्हणू नये, हे आमची आई आम्हाला शिकवून गेली होती.

बायकोनंच हात मागे घेतला.

“बाजारात या, मावशी,” ती म्हणाली. “सगळ्याइच्या समोर घ्या. पोरीसाठी पैसे बी नाई घेत मी. पन माह्या हातून घ्या.”

बाईनं पदर सारखा केला. “मले गावात राहाचं हाये, बाई,” म्हणाली आणि गेली.

बाजारात ती आली नाही. त्या पोरीची ती इच्छा तशीच राहिली असेल. आठवलं की अजून जीव तुटतो. तिचा काय दोष होता? कित्येकदा वाटलं, द्यायला हवा होता.

पण आजही कुणी कुंपणाशी येऊन उभं राहिलं, तर मी नाहीच म्हणेन. आमचा हात चालत नसेल, तर त्या हातचा लाडूही मिळणार नाही. आम्ही बाजाराला बसतो. उजेडात बसतो. ज्याला पाहिजे त्यानं तिथे यावं आणि हात पुढे करावा.