करंगळीवर उचलेल एवढीच झोळी

नर्मदेची परिक्रमा पायी करायची तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. आणि एवढ्या दिवसांचं सामान किती घ्यायचं? तर करंगळीवर उचलेल एवढं. हे मला ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका म्हातारबुवांनी सांगितलं. ते स्वतः परिक्रमा करून आले होते आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात ते खूळ त्यांनीच भरवलं होतं. एका रविवारी आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी यादी सांगितली. एक घोंगडी, दोन पंचे, लोटा, शिधा मिळेल तो शिजवायला लहानसं पातेलं, सुईदोरा, काडेपेटी, मिठाची पुरचुंडी, नर्मदेचं पाणी ठेवायला एक बाटली. मी डोंबिवलीच्या शाळेत दुसरीला शिकवायचे. ती यादी मला आजही पाढ्यासारखी येते.

उठताना ते मला म्हणाले, "बाई, झोळी तुम्ही भरायची. घरच्या माणसानं भरली तरच ती परवानगी. ह्यांनी स्वतः भरली तर ती परिक्रमा नव्हे, पळून जाणं झालं."

ह्यांनी मान खाली घातली. मला मात्र त्या दिवशी म्हातारबुवांचा पहिल्यांदाच आधार वाटला.

आदल्या भाद्रपदात आमचा मुलगा गेला होता. पाच वर्षांचा होता. घटसर्प झाला. सकाळीच त्याला गिळवेना, मी म्हटलं ठाण्याला इस्पितळात नेऊ. हे म्हणाले, घसा बसलाय, संध्याकाळपर्यंत वाट बघू, आणि कामावर गेले. हे परत आले तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. ठाणं गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी ह्यांना एका शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलून मी जे केलं त्यात काही कसर ठेवली नव्हती.

झोळी मी शिवली. मांजरपाटाची, दुहेरी शिवणीची. रिकामी झोळी कुणाला बांधील नसते, म्हणून शिवली आणि खुंटीला अडकवली. मग हे एकेक वस्तू आणून खुंटीखाली मांडायला लागले. आज लोटा, उद्या पंचे. तोंडानं काही मागत नसत. कामावरून आले की आधी खुंटीकडे बघायचे, झोळी चपटी दिसली की पाय धुवायला जायचे. मी केर काढताना त्या वस्तू उचलायचे आणि केर काढून झाला की होत्या तशा ठेवायचे. महिनाभर हे चाललं. मी अगदी हट्टाला पेटले होते. मूल गेलं, आता नवराही नदीला देऊ? का म्हणून?

एकदा मी म्हटलं, मीही येते, बायकाही जातात परिक्रमेला.  हे म्हणाले, "तू बरोबर असलीस की तो बरोबर असणार."



आमच्या चाळीमागे विहीर होती. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी मागच्या वाटेनं घरी आले, तर हे काठावर बसलेले. कामावर गेलेच नव्हते. चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या आणि पाय आत सोडलेले. मला हाक मारता येईना. हाक मारली आणि दचकले तर? मी हळूहळू जाऊन शेजारी बसले आणि ह्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. हे म्हणाले, पाणी फार खाली गेलंय यंदा. मी हो म्हटलं. आम्ही उठलो, चपला मी हातात घेतल्या, आणि घरात आल्याबरोबर मी खुंटीवरची झोळी काढली.  विहिरीला देण्यापेक्षा नदीला दिलेला बरा, एवढंच डोक्यात होतं.

सगळ्यात खाली मात्र मी यादीबाहेरची एक वस्तू ठेवली. मुलाचा निळा सदरा. ह्यांच्याच जुन्या सदऱ्यातून मी तो बेतला होता. आठवण राहावी म्हणून ठेवला, असं मी पुढे लोकांना सांगत असे. खरं सांगायचं तर टोचावं म्हणून ठेवला.

निघायच्या सकाळी उंबऱ्याशी ह्यांनी नियमाप्रमाणे झोळी करंगळीवर उचलली. उचलली गेलीही. पण बोट थरथरायला लागलं. खाली ठेवून हात आत घालून चाचपडलं आणि तळाशी सदरा लागला. तिथंच बसून सगळं बाहेर काढलं, सदरा माझ्या हातात दिला.

"एवढा मला उचलायचा नाही," म्हणाले.

बाकीचं मी पुन्हा भरलं. तळहातावर दही घातलं. हे "येतो" म्हणाले. "या" म्हणायचं असतं, मला म्हणवलं नाही. हे कल्याणला गाडी धरायला गेले आणि मी सदरा हातात घेऊन शाळेला निघाले, घरी ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

मधूनमधून पोस्टकार्डं यायची. खुशाल आहे, पाय सुजलेत, झाडीत लुटलं, घोंगडी आणि लोटा गेला. मी खुशाल आहे की नाही, ते विचारलेलं नसायचं. वर्गात निळा सदरा घालून एखादं पोर आलं की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. पोरं म्हणत असतील, बाई पाढा विसरल्या. घरी सदरा ट्रंकेत ठेवायचे आणि काढायचे, ठेवायचे आणि काढायचे. त्याचा वास कधीच गेला होता.

हे परत आले ते दाढीजटा वाढवून, काटकुळे होऊन, पण चेहरा निवळलेला. झोळी तेवढी तीच होती, ठिगळं लावलेली. पाय धुतले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तो सदरा आण. आता उचलीन."

मी आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला. मग ह्यांची झोळी घेतली, उलटी करून झटकली आणि समोर ठेवली.

"आता माझी भरा," म्हटलं.

हे झोळीकडे बघत राहिले. मी पंचा पुढे केला, सुईदोरा पुढे केला. हात काही पुढे येईना. सदरा दोन्ही मुठींत धरून हे हमसाहमशी रडायला लागले, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी झोळी उचलून खुंटीला लावली आणि आत जाऊन दोघांचा भात टाकला.